हर्मिनाची आंघोळ

हर्मिना हे खरं म्हणजे रुडी मोचनिकच्या सासूचं नाव. बोगदा खणणाऱ्या मशीनला बाईचं नाव द्यायचं ही या धंद्यातली जुनी रीत. बिननावाच्या मशीनमागे कुणी बोगद्यात पाऊल टाकत नाही. क्लीव्हलंडच्या पोटातून सांडपाण्याचा हा बोगदा सुरू झाला, तेव्हा सगळ्यांनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि रुडीची निघाली. "एकदा सुरू झाली की थांबत नाही, मग समोर दगड असो नाहीतर जावई," असं कारण त्याने दिलं. सासूबाई नाराज होतील असं सगळ्यांना वाटलं होतं. कसल्या नाराज! फरची टोपी घालून त्या स्वतः मशीनच्या बारशाची शॅम्पेनची बाटली फोडायला आल्या, आणि त्या दिवशीच्या फोटोत मशीनपेक्षा त्याच जास्त दिसतात.

तर ही दुसरी हर्मिना, लोखंडी. हिचं तोंड दुमजली घराएवढं. तोंडावर पोलादी चकत्या, आणि त्या दगडावर दाबून, घासून, करकर चावत पुढे जायचं हा तिचा दिवसभराचा उद्योग. ते अख्खं तोंड ज्यावर फिरतं ते एक बेअरिंग. सायकलच्या चाकात असतं तेच, फक्त याच्या कड्याच्या आत जेवणाचं टेबल मांडून घरभर पाहुणे बसवता येतील. मशीनचं बाकी सगळं जागच्या जागी बदलता येतं. चकत्या बदलता येतात, मोटर बदलता येते, दगडाचा चुरा मागे नेणारा पट्टा बदलता येतो. बेअरिंगचं तसं नाही. त्याच्या मागे पक्का बोगदा बांधून झालेला असतो, त्यातून ते बाहेर निघत नाही. ते गेलं तर वरून जमिनीतून विहीर खणायची आणि क्रेनने उचलायचं. आणि वर विहीर खणायला जागाच नसेल तर? तर मग बसा!

नदीन प्रूइटचं काम एवढंच होतं, की "बसा" म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही.

नदीन याच शहरात वाढलेली, इंजिनियर, तिशीच्या अलीकडची आणि इतक्या मोठ्याने हसणारी, की बोगद्यात ती कुठवर पोचली ते पाळीतल्या लोकांना हसण्यावरून कळायचं. मशीनची तब्येत सांभाळायची जबाबदारी तिची. दर शनिवारी देखभालीसाठी मशीन थांबलं की ती बेअरिंगचं तेल बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायची. डॉक्टर रक्त तपासतात तसंच हे. तेलात लोखंड किती उतरलं यावरून बेअरिंग आतून किती झिजतंय ते समजतं. हर्मिनाचं तेल पहिल्यापासून इतकं स्वच्छ यायचं, की प्रयोगशाळेतल्या बाईंनी एकदा फोन करून विचारलं होतं, "अहो, मशीन चालवता ना नक्की?" हा विनोद नदीनने सगळ्यांना रंगवून सांगितला होता. दर सोमवारच्या बैठकीत आधीच्या आठवड्याच्या नमुन्याचा अहवाल घेऊन ती खुर्चीत बसायच्या आधीच जाहीर करायची, "तब्येत फर्स्ट क्लास!"

आणि येत्या सोमवारी तर तिच्या शब्दावर सगळं अडलेलं होतं. हर्मिना नदीच्या काठाशी आली होती. पुढे रेल्वेचं यार्ड, मग नदी, मग पलीकडचे कारखाने. विहीर खणता येईल अशी शेवटची मोकळी जागा म्हणजे बंद पडलेल्या एका बोलिंग क्लबचं पार्किंग, आणि मशीन नेमकं त्याच्याच खाली उभं होतं. नदीनने "जाऊ दे" म्हटलं की हर्मिना नदीखाली शिरणार. त्यानंतर बेअरिंगला काही झालं, तर देवसुद्धा विहीर खणायला येणार नव्हता.

दिवस इस्टरच्या आधीच्या उपासांचे होते. म्हणजे शुक्रवारी मांस-मटण बंद आणि प्रत्येक चर्चच्या हॉलबाहेर तळलेल्या मासळीसाठी लांबलचक रांग. नदीन त्या पंथातली नव्हती, पण बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगीसाठी ती कुठल्याही पंथात जायला तयार असायची. शनिवारी तिच्या बहिणीचं डोहाळजेवण होतं. तेव्हा तेलाचा नमुना शुक्रवारीच उरकायचा आणि तिथून थेट मासळीच्या रांगेत उभं राहायचं, असा बेत करून ती दुपारी बोगद्यात उतरली.

बोगद्याच्या भिंतीला काँक्रीटची कडी बसवायची म्हणून मशीन थांबलं होतं. रुडी तिथेच होता. रुडी म्हणजे पाळीचा मुकादम, जाडजूड, पांढऱ्या मिशांचा, आणि हर्मिनावर बायकोपेक्षा जास्त जीव असलेला. हे त्याची बायकोच सांगायची.

"डॉक्टरीणबाई! आज कुठे वाट चुकलात?"

"उद्या मी नाहीये, रुडी. म्हटलं, नमुना आजच घेऊन टाकू."

रुडीचा चेहरा पडला. पाहुणे दारात आणि घरात केर, तसा. "आज? छे छे, आज कसा घेशील? अजून तिची आंघोळ व्हायचीय."

"कुणाची? सासूबाईंची?" नदीन खो खो हसली.

"त्यांना घालायची कुणाची हिंमत आहे! हिची गं." त्याने कोपऱ्यातल्या छोट्या चाकांच्या गाड्याकडे बोट केलं. गाड्यावर एक पंप आणि डब्यासारखी जाड गाळणी होती. "दर शुक्रवारी पाळी संपली की हा जोडतो. सगळं तेल गाळून निघतं, तळाशी बसलेलंसुद्धा. म्हणून तर शनिवारी तू येतेस तेव्हा कशी चकाचक असते! पोराला डॉक्टरकडे नेताना आपण कान-मान घासून नेत नाही का?"

नदीन हसत होती. हसता हसता तिचा आवाज मध्येच कुठेतरी राहून गेला.

"दर शुक्रवारी?"

"पहिल्यापासून. एकदासुद्धा चुकवलेलं नाही." आता शाबासकी मिळणार अशा थाटात तो उभा राहिला.

"आणि हा गाडा कुणाचा?"

"माझा. आधीच्या कामावर भंगारात निघाला होता, मी दुरुस्त केला. कंपनीचा नाही, म्हणून कुणी विचारतही नाही."

"अरे रुडी, मी त्या तेलातली घाण शोधायलाच येते ना!"

"मग? सापडली कधी?"

"नाही."

"बघ!" रुडीने छाती फुगवली.

नदीन तिथल्याच एका पेटीवर बसली. प्रयोगशाळेतल्या बाईंचा तो फोन तिला आठवला, आणि आपण तो विनोद म्हणून गावभर सांगितला हेही. इतके महिने तिने हर्मिनाचं रक्त तपासलंच नव्हतं. तपासली होती ती रुडीची गाळणी, आणि गाळणीची तब्येत खरोखरच फर्स्ट क्लास होती.

ती उठली. आंघोळीच्या आधीचं तेल तिने बाटलीत भरून घेतलं. दिव्यासमोर धरलं तर नेहमीसारखंच, मधासारखं पिवळं. डोळ्यांना काहीच कळेना. प्रयोगशाळेचं उत्तर यायला आठवडा लागला असता, आणि बैठक तर सोमवारी.

"जुन्या गाळण्या कुठे टाकतोस?"

"त्या पिंपात. का?"

"पत्रा कापायची कात्री दे."

तिने गेल्या शुक्रवारची गाळणी उभी कापली. आतला कागद बाजाच्या भात्यासारखा घड्यांचा असतो. तो उलगडून तिने रॉकेलने धुतला आणि त्या रॉकेलमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं. चुंबक बाहेर काढलं तर त्यावर लग्नातल्या नवरीच्या गालावर असते तशी चमचम.

"असा मळ निघतोच गं," रुडी म्हणाला. पण तो जरा जवळ सरकला होता.

त्या चमचमीतून नदीनने नखावर एक कणी उचलली. मसुराच्या डाळीएवढी, चपटी. एका बाजूने ती बिस्किटाचा तुकडा मोडावा तशी खरबरीत होती. दुसऱ्या बाजूने आरसा. त्या एवढ्याशा आरशात बोगद्यातला दिवा दिसत होता.

"ही बाजू बघ," ती हळूच म्हणाली. "बेअरिंगमध्ये लाटण्यांसारखे पोलादी रूळ ज्या वाटेवरून धावतात ना, ती वाट अशी घोटलेली असते. दुसरं कुठलंच लोखंड असं नसतं. हा तिचा पापुद्रा आहे, रुडी."

पोलाद थकतं ते असं. रूळ जातो, दाब देतो, पुढचा रूळ येतो, पुन्हा दाब. लाखो वेळा, कोट्यवधी वेळा. वरची कातडी तशीच गुळगुळीत राहते. थकवा सुरू होतो तो कातडीच्या खाली, केसभर खोल, जिथे पोलाद ओततानाच कुठे एखादी बारीक अशुद्ध कणी राहून गेलेली असते. तिथून एक चीर निघते आणि अंधारातल्या अंधारात पसरत जाते. बाहेरून कोणी कितीही निरखून पाहिलं तरी वाट लखलखीतच दिसते, अगदी पहिला पापुद्रा सुटेपर्यंत. आणि पहिला सुटला, की त्याच्या खळग्याच्या काठावर पुढचे रूळ आपटायला लागतात.

रुडीने ती कणी स्वतःच्या तळहातावर घेतली. बोटाने ती उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"म्हणजे मी मारलं तिला?"

"वेडा आहेस का? स्वच्छ तेलाने ती उलट जास्तच टिकली असेल. पण ती कण्हत होती रे, आणि आपण दोघांनी मिळून तिचं तोंड दाबून धरलं होतं. तू गाळणीने आणि मी माझ्या फर्स्ट क्लासने."

मासळीच्या रांगेत त्या दिवशी नदीन गेली नाही, ती पापुद्रा घेऊन वर ऑफिसात गेली.

प्रकल्पाचा प्रमुख वेंडल हॅवलिक. वाईट माणूस मुळीच नव्हता. फक्त एखादी वाईट बातमी आली, की तो आधी तिच्याशी भांडून बघायचा.

"हे बघ नदीन, या बेअरिंगचं आयुष्य अजून एक तृतीयांश बाकी आहे. बनवणाऱ्यांनी तास लिहून दिलेत."

"वेंडल, त्यांनी काय लिहून दिलंय ते नीट वाच. अशी शंभर बेअरिंग चालवली तर त्यातली नव्वद तरी एवढे तास चालतील. बस. उरलेल्या दहांचं काय होईल, ते त्यांनी लिहिलेलं नाही. त्याला आपण सगळेच 'आयुष्य' म्हणतो, म्हणून आपल्याला वाटतं की तेवढं मिळणारच."

"मग आपलं नव्वदातलं कशावरून नाही?"

"आणि दहातलं कशावरून नाही?"

वेंडलने चष्मा काढून टेबलावर टाकला. "दर सोमवारी फर्स्ट क्लास कोण म्हणत होतं? मी? आता महापालिकेच्या लोकांना काय सांगू? आमच्या डॉक्टरीणबाई इतके महिने न्हालेल्या पेशंटला तपासत होत्या?"

नदीनचे कान तापले. कारण हे खरं होतं, आणि कुणीतरी म्हणणारच होतं.

"उद्या कॅमेरा घालून बघू," ती म्हणाली.

सकाळी बहिणीचा फोन आला. "केक कापायला येतेयस ना?"

"अगं, मशीन आजारी आहे."

"माझ्या पोटात बाळ आहे नदीन, आणि तू मशीनच्या उशाशी बसणार?"

"तुझ्या बाळाला बाहेर यायला वाट आहे. हिला नाहीये."

बहिणीने फोन आपटला. नदीनला हसूही आलं आणि वाईटही वाटलं, पण ती खाली उतरली.

बेअरिंगच्या बाजूचं एक बूच काढून त्यातून दोरीएवढा बारीक कॅमेरा आत सोडला. रुडी हर्मिनाचं तोंड इंचाइंचाने फिरवत होता, आणि नदीन, वेंडल आणि ओडेल नावाचा तरुण चालक पडद्यावर डोळे लावून उभे होते. जेवढी वाट दिसत होती, तेवढी आरशासारखी. एक ओरखडा नाही, एक डाग नाही. मात्र दिसत होती ती अगदी थोडी. बाकीची रुळांच्या आड, आणि खालची बाजू तर कॅमेऱ्याच्या वाटेबाहेरच.

"बघ!" वेंडलने टाळी वाजवली. "ठणठणीत!"

"पोरीसारखी आहे," ओडेल म्हणाला. त्याला तसं वाटणंही साहजिक होतं. मशीन थांबलं तर आधी घरी बसणाऱ्यांत त्याचं नाव होतं.

खरं सांगायचं तर नदीनलासुद्धा तेच हवं होतं. त्या क्षणी तिला इतकं हलकं वाटलं! सोमवारी "जाऊ दे" म्हणायचं. बेअरिंग नदीपार झालं तर आंघोळीचं प्रकरण कुणाला कळणारही नाही. आणि थांबवलं, विहीर खणली, बेअरिंग वर काढलं आणि ते धडधाकट निघालं, तर? तर नदीन प्रूइट हा या धंद्यातला जन्मभराचा विनोद. बोगद्यांची दुनिया छोटी असते, इथला विनोद टोरांटोत आणि मेक्सिको सिटीत आठवडाभरात पोचतो.

रविवारी ती दिवसभर घरात फेऱ्या मारत होती. पापुद्रा एका काचेच्या बाटलीत, टेबलावर. ती बाटली हलवायची, ठेवायची, पुन्हा हलवायची. हा पापुद्रा कुठून तरी सुटला आहे, एवढं नक्की. मग अडतंय कुठे? भांडी घासता घासता तिने स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. समजा, मी या मशीनला आज पहिल्यांदाच भेटले असते, आधी कधी काही बोललेच नसते, आणि कुणीतरी फक्त हा पापुद्रा माझ्या हातावर ठेवला असता, तर मी काय म्हटलं असतं?

उत्तर यायला ताटली विसळण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही. ते उत्तर शुक्रवारपासून तयारच होतं. दारात आडवं पडलं होतं ते तिचंच ते फर्स्ट क्लास.

सोमवारी बैठकीची खोली भरलेली होती. नदीन या वेळी आधी खुर्चीत बसली.

"थांबवायचं," ती म्हणाली. "इथेच. नदीच्या अलीकडे."

मग तिने सगळं सांगितलं. तेल, आंघोळ, पापुद्रा, कॅमेऱ्यात काही दिसलं नाही हे, आणि आधीचे तिचे सगळे अहवाल फुकट होते हेसुद्धा.  

"म्हणजे आम्ही घरी," ओडेल म्हणाला.

"काही जण. हो."

"त्या डाळीएवढ्या तुकड्यापायी?"

"हो, ओडेल."

"आणि तो उगाच निघालेला असला तर?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रुडी उभा राहिला होता. "गाडा माझा होता," तो म्हणाला. "शिव्या घालायच्या तर इकडे घाला. आणि तो तुकडा मी हातात धरलाय. मी तरी तिला नदीखाली नेणार नाही."

वेंडल खिडकीबाहेर बघत बसला होता. शेवटी त्याने फोन उचलला, आणि महापालिकेच्या लोकांशी बोलताना त्याने नदीनचं नाव पुढे केलं नाही. "आमचा निर्णय आहे," एवढंच म्हणाला.

त्यानंतरचा वसंत नदीनला जड गेला. कोपऱ्यावरच्या हॉटेलात ती शिरली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "अरे, डॉक्टरीणबाईंना कॉफी द्या, पण आधी गाळू नका!" ती मोठ्याने हसायची, आणि कप घेऊन पाठमोरी बसायची. आंघोळीआधीच्या तेलाचा अहवाल आला. त्यात लोखंड भरपूर होतं, पण आंघोळीआधीचे जुने अहवालच नसल्यामुळे तुलना कशाशी करणार? बहीण मात्र बाळ झाल्यावर सगळं विसरली. बोलिंग क्लबच्या पार्किंगमध्ये खणती यंत्रं आली, विहीर खोल खोल जात राहिली, आणि ज्यांना घरी बसावं लागलं होतं त्यांतले काही कठड्याशी येऊन खाली डोकावून जायचे. 

भर उन्हाळ्यात क्रेनने बेअरिंग वर काढलं. पार्किंगमध्ये लाकडी ओंडक्यांवर ते आडवं ठेवलं, कडी वेगळी केली, रूळ काढले. बनवणाऱ्या कंपनीचा एक तज्ज्ञ गुडघ्यांवर बसून कापडाने वाट पुसत पुसत चालला होता. स्वच्छ. स्वच्छ. पुढेही स्वच्छ. नदीन त्याच्या मागोमाग वाकून चालत होती.

खालच्या बाजूला पोचल्यावर त्याचं कापड अडकलं.

तिथे तळहाताएवढा खळगा होता. काठ दातेरी, आत पोलाद करडं आणि खरबरीत. त्याच्या भोवती केसासारख्या चिरा, दूरवर गेलेल्या. रुडी खाली बसला आणि त्याने खळग्यात बोट फिरवलं, जखमेच्या आजूबाजूने फिरवतात तसं. मग मान वळवून त्याने रुमालाने नाक शिंकरलं.

वेंडलने तज्ज्ञाला विचारलंच, "नदीपार झालं असतं का हे?"

तज्ज्ञाने खांदे उडवले. "झालंही असतं. अशी अवस्था झाल्यावरही काही बेअरिंग पुष्कळ चालतात. काही दुसऱ्या दिवशी जातात."

नवीन बेअरिंग आलं त्या दिवशी ओडेलही कामावर परतला. क्रेन ते भलंमोठं कडं विहिरीत सोडत होती, आणि ते भिंतीला लागू नये म्हणून चारी बाजूंनी माणसं दोर धरून उभी होती. ओडेलने आपला दोर हाताला गुंडाळला आणि शेजारी उभ्या असलेल्या नदीनकडे न बघताच विचारलं, "खरं सांग. गेलो असतो आपण पलीकडे?"

"माहीत नाही."

"एवढं सगळं करून माहीत नाही?"

"नाही. आणि आता कधी कळणारही नाही. माहीत नव्हतं, म्हणूनच तर थांबवलं ना रे."

ओडेल तिच्याकडे बघत राहिला. हे उत्तर त्याला पटलं नव्हतं, ते दिसतच होतं. महिनोन्‌महिने घरी बसलेल्या माणसाला ते पटावं अशी अपेक्षाही नदीनने केली नाही. तिने मान खाली घातली नाही, एवढंच.

"डावीकडे ओढ!" खालून रुडी ओरडला. "काय गप्पा मारताय, भिंतीला लागेल ना!"

ओडेलने दोर ताणला. तो एकट्याला आवरेना, म्हणून नदीनने मागचं टोक धरलं आणि दोघं टाचा रोवून उभी राहिली.